सरपणाची खोली

साऱ्या मराठवाड्यातले विजेचे खांब एका रात्रीत आडवे झाले असते, तरी माझ्या सासऱ्यांच्या घरचा सकाळचा चहा पाच मिनिटंसुद्धा लांबला नसता. जालन्यात त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यातली मधली, बिनखिडकीची, सगळ्यात उबदार खोली त्यांनी सरपणाला दिली होती. पौषात माणसं पुढच्या खोलीत कुडकुडायची आणि सरपण आत मजेत. चहाला तुरीच्या तुराट्या, भाकरीला कपाशीच्या पऱ्हाट्या, दुधाला गोवऱ्या, आणि एका पोत्यात बाभळीचा कोळसा, तो मात्र कशालाच नाही. "टायमाला लागंल," म्हणत तो त्यांनी बारा वर्षं जपला. एकदा सासूबाईंनी पऱ्हाट्यांवर चहा केला, तर यांनी कप परत पाठवला. "चहा होऊन जातो अन् जाळ तसाच राह्यतो, जावईबापू. फुकटचा खर्चा!" सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या, "गॅसची टाकी भरेल हाय घरात, अन् मी इथं फुंकून राह्यले." ती टाकीही अर्थात अडचणीसाठीच राखलेली होती. ठिणगी उडेल या भीतीनं दिवाळीच्या पणत्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर लागत. मी त्यांची भरपूर थट्टा केली, तीही त्यांच्याच घरचा चहा पीत.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बायको तिथंच होती. मुलगी ऐन पौषात, तीन आठवडे आधी झाली, अगदी मूठभर. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, हिला सतत ऊब हवी, वर दिवा लावून ठेवा. पुढच्या खोलीत बाजेवर मोठा बल्ब टांगला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भारनियमनात तो विझला. थोड्या वेळानं मी तिच्या पावलांना हात लावला, तर पावलं गार पडली होती. मी मनातून पार हादरलो. त्या खोलीचं दार थेट रस्त्यावर, शेगडी ठेवली तरी ऊब टिकेना. मागच्या खोलीत चुलीचा धूर. मधल्या खोलीत ऊब होती, पण सरपणामुळं जागा नव्हती.

सासरे सरपणाच्या दारात क्षणभर उभे राहिले. मग धोतर खोचून म्हणाले, "धरा, जावईबापू. जल्दी." तासाभरात सगळा साठा रस्त्यावर आला. गल्लीतल्या बायका भीत भीत विचारायच्या, "घेऊ का, दादा?" आणि हे मान वर न करता म्हणायचे, "न्या, सगळंच न्या." खोली झाडली, बाज आत आली. कोळशाचं पोतं त्यांनी स्वतः सोडलं, शेगडी अंगणात पेटवली आणि निखारे लाल होईपर्यंत कुणाला उचलू दिली नाही. "धूर गेल्याबिगर आत न्हाई. अन् दार जरा उघडं ठेवा." काळे झालेले हात तीनदा धुऊन ते दर दहा मिनिटांनी नातीची पावलं चाचपत होते. दुपारी ती पावलं हाताला ऊन लागली, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत बसले.

पुढच्या थंडीत आम्ही पुण्याहून गेलो, तर ती खोली रिकामी, चुना लावलेली. मी विचारलं, "यंदा सरपण नाही भरलं?"

"भरलं असतं. पण पोरगी अचानक आली, मंग तिला निजवायचं कुठं?"

आम्ही वर्षातून चार दिवस जायचो. बाकी सगळी थंडी ती दोघं म्हातारी माणसं पुढच्या गार खोलीत झोपायची, आणि मधली उबदार खोली सासरे असेपर्यंत रिकामीच राहिली. आम्ही आणखी जायला हवं होतं.