मामाजी उठले की पंगत उठे

स्वतःच्या पोटाविषयी एवढा अभिमान आणि एवढे अज्ञान एकाच देहात बाळगणारा माणूस माझ्या सासऱ्यांखेरीज अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणे. रोहण्याला त्यांचे किराण्याचे दुकान होते. तिथे ते गुळाच्या ढेपेशेजारी बैठक मारत आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ढेपेचा कोपरा नखाने खरवडून तोंडात टाकत. त्यांना मधुमेह झाला याचे नवल फक्त त्यांनाच वाटले. वर्ध्याच्या डॉक्टरांनी त्यांची लघवी निळ्या औषधात उकळून दाखवली आणि ती विटकरी झाली, तेव्हा हे गृहस्थ काळजी करायचे सोडून मला म्हणाले, "पाहा जवाईबापू, रंग कसा पक्का चढला."

साखरेवर पोटात घ्यायच्या गोळ्या तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या. गोड बंद करा आणि जेवताना एक गोळी घ्या, असे डॉक्टरांनी बजावले. मामाजींनी त्यातले फक्त 'गोळी' ऐकले. त्यांच्या शास्त्राप्रमाणे गोळी हा जिलबीवरचा उतारा होता आणि उतारा आधीच घेऊन ठेवलेला बरा. त्यामुळे लग्नाला निघताना ते उपाशीपोटी दोन-तीन गोळ्या गिळत. "जेवढं गोड तेवढ्या गोळ्या. आतल्या आत बराबर होऊन जाते," असे मलाच शिकवत. बराबर काहीच होत नसे. आधी तोंडाला पितळेची चव येई, मग मळमळ सुरू होई आणि शेवटी पोटात अशी कळ येई की अंगावरचे उपरणे कुठे पडले याची शुद्ध राहत नसे. दोष मात्र गोळ्यांचा नाही, त्यांचा तर नाहीच नाही. तो आदल्या दिवशीच्या वांग्याच्या भाजीचा. त्यांच्या हातात चोवीस तास पाण्याने भरलेला लोटा असे. पुलगावहून आर्वीला जाणारी छोटी आगगाडी त्यांच्या लेखी देवाची देणगी होती, कारण ती इतक्या सावकाश चाले की माणसाने उतरून आडोसा गाठावा आणि निवांतपणे परत येऊन पुन्हा चढावे. आपण कुठकुठे उतरलो हे ते आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, आणि माझी बायको लाजेने आत निघून जाई.

या सगळ्याला मी हसून सोडून दिले असते, पण मामाजी गावच्या पंगतीतले पहिल्या मानाचे माणूस होते. पहिली पत्रावळ त्यांची. त्यांनी घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करायची नाही आणि ते उठले की सगळ्यांनी उठायचे, अशी तिथली रीत. एका लग्नात जिलबी नुकती वाढायला घेतली होती, आणि गोळ्यांनी दगा दिला. मामाजी लोटा उचलून मांडवामागच्या कपाशीच्या पऱ्हाटीत धावले. मागोमाग सगळी पंगत उठली. वरपक्षाकडची माणसेही अर्धपोटी हात धुऊन मोकळी झाली. आचवलेल्या माणसांना पुन्हा पानावर बसवता येत नाही. मुलीचा बाप हात जोडून एकेकाला विचारत फिरला, माझे काय चुकले? मामाजी परत आले तेव्हा मांडवात फक्त भरलेल्या पत्रावळी होत्या.

त्यावर या शहाण्याने काय करावे? गोळ्याच सोडल्या. "मान गेल्यावर जगून का करू?" असे मला तोंडावर सांगितले. काही महिन्यांत सदरा अंगावर लोंबू लागला, पायाची जखम भरेना, घागरभर पाण्यानेही तहान भागेना. मी चिडलो, डॉक्टर चिडले, सासूबाईंनी बोलणे टाकले. मामाजी मात्र ढिम्म. मग त्यांचा जुना मित्र नातीच्या लग्नाचे आवतण घेऊन दुकानात आला. अक्षता ठेवल्या, पण या म्हणायला त्याची जीभ रेटेना. बराच वेळ तो गुळाकडे बघत बसला आणि तसाच उठून गेला. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवताना एक गोळी घेतली, अगदी डॉक्टरांनी सांगितली होती तशी. पोटाने तरी पुरती साथ दिली नाही. एवढ्या गोळीनेही कधीमधी कळ येईच.

लग्नाच्या दिवशी पंगत बसली, तर मामाजी कमरेला उपरणे बांधून जिलबीची परात घेऊन वाढत होते. जन्मात ज्याने पळी हातात धरली नाही तो माणूस! वाढप्याला केव्हाही नाहीसे होता येते, त्याच्यासाठी पंगत उठत नाही. सुरुवात करा, असे त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकले होते. माझ्यापाशी येऊन त्यांनी दोन जिलब्या टाकल्या आणि म्हणाले, "खा जवाईबापू. माह्या वाटच्या." मला गोड आवडत नाही, तरी मी खाल्ल्या. मग ते कुठेतरी गेले.

जेवणे आटोपली. उष्टे हात वाळले, तरी कुणी उठेना. वरपक्षाकडचे एकमेकांकडे पाहू लागले. रोहण्याची माणसे मात्र पत्रावळीसमोर बसून होती. तेवढ्यात मामाजी पऱ्हाटीतून लोटा घेऊन परतले आणि मांडवाच्या तोंडाशीच थबकले.

"काऊन बसून राह्यले? उठा ना," ते म्हणाले.

तेव्हा पंगत उठली. मामाजींना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या अडाणीपणाबद्दलचे माझे मत तेच आहे, पण एवढी माणसे माझ्यासाठी कधी वाळल्या हाताने बसून राहिली नाहीत.