रुमालाखालचे वीस गुण

आमच्या कॉमर्सच्या सरांनी मला फसवलं. बारावीला, वाणिज्य संघटन या विषयात.

वडूजजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी होतो. नववीपासून म्हशींचे सौदे करत आलो, फी स्वतःची स्वतः भरली. कॉमर्स घेतलं ते एवढ्याचसाठी, की सांगलीला विश्रामबागेत बी.कॉम.ला जाईन आणि पुढं खुर्चीवर बसून धंदा करीन. तिथला प्रवेश गुणांवर. विषयाचे ऐंशी गुण लेखी पेपरचे आणि वीस सरांच्या हातात, प्रकल्प आणि तोंडी परीक्षेचे.

सर पुस्तक वाचून दाखवायचे. व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं आम्हाला पाठ होती.

दिवाळीनंतर त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "घरच्या दुधाला म्हैस घ्यायची आहे रे. मला बाजारातलं काही कळत नाही."

"मग चौदा तत्त्वं घेऊन जावा की सर."

हसले. मीच त्यांना बाजारात घेऊन गेलो. आमच्याकडं सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात रुमालाखाली, भाव बोटं दाबून सांगायचा, तोंडानं आकडा काढायचा नाही. आणि बोट दाबून दिलेला शब्द फिरवायचा नाही. फिरवणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही.

विकणारा खंडाळ्याकडचा एक म्हातारा, लय चिवट. ऊन डोक्यावर आलं तरी सोडेना.

"बोटं मोडतूस काय रं माजी?"

"मोडत न्हाई बाबा, सरळ करतोय."

म्हैस सरांच्या अंदाजापेक्षा बऱ्याच कमी भावात बसली. सर खूश. म्हणाले, "हाच तुझा प्रकल्प. वेगळं काही लिहू नकोस."

"गुण किती?"

सरांनी आपणहून हात माझ्या रुमालाखाली घातला आणि पाचही बोटं चार वेळा दाबली. वीसपैकी वीस. मी हात मिळवला. माझ्यासाठी विषय तिथं संपला.

बाकीच्या पोरांनी सरांनीच सांगितलेला मजकूर उतरवला, रंगीत कव्हरं घातली, फाईली दिल्या. मी काही दिलं नाही. तोंडी परीक्षेत सरांनी दोन व्याख्या विचारल्या आणि जा म्हणाले.

निकालात या विषयाची बेरीज कमी दिसली. कॉलेजच्या कारकुनानं सांगितलं, विसातले सात आहेत. विश्रामबागेची प्रवेश यादी माझ्या नावाच्या थोडी वरच थांबली.

मी सरांकडं गेलो. "आवं सर, बोटं दाबून शब्द दिलाय तुमी."

"कसला शब्द? तुझी फाईल नाही माझ्याकडं. तोंडीत बरं बोललास म्हणून सात तरी दिले."

"म्हशीच्या वक्ताला फाईल लागली न्हाई ती?"

"हा बाजार नाही गड्या, कॉलेज आहे."

माझं डोकं फिरलं. लाथेनं खुर्ची उडवली. शिपायानं दंडाला धरून बाहेर काढलं, आणि त्या दिवसापासून मी मवाली ठरलो. आता कोण ऐकणार? बोर्डाकडं लेखी पेपर पुन्हा तपासून मिळतो, सरांनी दिलेले गुण नाही. साक्षीदार आणावा तर रुमालाखाली कुणाला काय दिसतं?

मी पुन्हा बाजारात उभा राहतो, आता जन्मभर तिथंच. सरांच्या दारावरून जावं लागतं. म्हैस झकास आहे, ऐन रवंथात असते. तिचा काही दोष नाही.

सर आजही बारावीला ग्राहक संरक्षणाचा धडा शिकवतात. त्यात ग्राहकाचे हक्क आहेत, आणि आपली बाजू मांडण्याचा हक्कही आहे. आमच्याकडून तो त्यांनी तोंडपाठ करून घेतला होता. तर मग सरांनी सांगावं, माझी बाजू मी कुणापुढं मांडायची? आणि चार वेळा बोटं दाबली होती की नाही? उत्तर त्यांनीच द्यायचं. वर्गात उभं राहून, पोरांसमोर, हात उघडा ठेवून.