बाबलकाकांचे नऊ फोटो

बाबलकाकांच्या शेजारी पंगतीला बसायला गावात कोणी तयार नसे. पानात भात पडला, त्यावर वरण आलं, की त्यांचा डावा हात खिशाकडे जायचा. खिशात सिगारेटचा पत्र्याचा चपटा डबा असे आणि डब्यात नऊ फोटो. पहिल्या फोटोत गुडघ्याखालचा पाय होता, पण पाय म्हणावा असं त्यात काही नव्हतं. मधोमध हाड दिसत होतं. "ह्यो बघ पयलो," ते शेजाऱ्याला सांगत. "हय काळा दिसता ना, ता पिवळा होता. फोटोत रंग येणा नाय, म्हणान सांगतंय."

"बाबल्या, मेल्या, माका जेवूक दी रे!" म्हणत शेजारचा पान उचलून पलीकडे जायचा. काकांना राग येत नसे. ते दुसऱ्या बाजूला वळायचे.

काका आगबोटीवर तेलवाले होते, म्हणजे इंजिनाला तेल घालायचं काम. इंजिनाजवळची वाफेची नळी फुटली आणि डावी पिंडरी हाडापर्यंत भाजली. परदेशातल्या कुठल्या तरी बंदरातल्या इस्पितळात ते चार महिने पडून होते. तिथला डॉक्टर आपल्या विद्यार्थ्यांसाठी दर पंधरा दिवसांनी पायाचे फोटो काढून घेई. निघताना काकांनी हट्ट धरला, तेव्हा त्याने एक-एक प्रत यांनाही दिली. बोटीवरची नोकरी गेली. माणूस चाळिशीत गावी परत आला. लग्न केलेलं नव्हतं. माडांचं थोडं उत्पन्न होतं, त्यावर भागत असे. काम नव्हतं, आणि एका जागी बसायची सवय तर मुळीच नव्हती. सकाळपासून गावभर फिरायचे. कोणाचं काही कापलंय का, भाजलंय का, कोण माडावरून पडलंय का, ते विचारत.

"ही माझी पिंडरी माझ्याच मांडयेची आसा," हे त्यांचं रोजचं वाक्य. मांडीची कातडी काढून पिंडरीला लावली होती. "हयची थंय नेली आणि ती थंय रुजली. कोणी शिकवल्यान तिका?" उत्तर काकांना नको असायचं.

मी त्यांना टाळायचे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, नवरा मुंबईला गोदीत, घरी मी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे गेलेले. विहीर, शेत, चूल, सगळं माझ्या दोन हातांवर. त्या सालच्या लावणीच्या तोंडावर शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा माझ्या उजव्या तळव्यात गेला, मधल्या बोटाच्या मुळाशी.

आमच्याकडे जखम कोणाला दाखवत नाहीत. जखमेला दृष्ट लागते आणि ती चरत जाते, असं मानतात. सासूबाईंनी हळद-चुना लावला, एरंडाचं पान ठेवलं, वरून काळं फडकं घट्ट बांधलं आणि बजावलं, "सोडू नको. हात पदराखाली ठेव." मी ठेवला. पाचव्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. मला ताप भरला. मी ओटीवर चटई टाकून पडले होते.

बाबलकाका खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आले आणि येरझाऱ्या घालायला लागले. आत बोलावलं नाही म्हणून वर चढत नव्हते, आणि जातही नव्हते. चार पावलं तुळशीकडे, चार पावलं ओटीकडे.

"काय रे बाबल्या, पाय भाजतत तुझे?" सासूबाईंनी विचारलं.

"वयनी, वास येता. सोडा ता फडका."

"माझ्या सुनेक दृष्ट लावूक इलंस? जा घराक."

"हात कुसता हा गो वयनी! डाक्टराक दाखवूक होयो. कापूक होयो."

कापायचं नाव काढताच सासूबाईंनी कपाळावर हात मारला. सुरी लागली की हात गेलाच, असं त्यांचं मत होतं. आणि हात गेला तर सून माहेरी, हेही त्यांनी आदल्या दिवशी शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं होतं. मला त्यांचा राग नव्हता. एका हाताच्या सुनेचं त्या तरी काय करणार?

काका ओटीवर चढले. डबा उघडून हाडाचा फोटो त्यांनी सासूबाईंसमोर धरला.

"काढ ता मढा हयसून!" सासूबाईंनी डोळ्यांवर पदर ओढला.

"मढा खंयचा? माझोच पाय तो."

तेव्हा मला कळलं, हा माणूस इतकी वर्षं चुकीच्या टोकाकडून सुरुवात करत होता. पहिला फोटो बघूनच लोक पळत. नववा कोणी पाहिलाच नव्हता. मी पडल्या पडल्या म्हटलं, "काकांनू, शेवटचो आधी ठेवा."

ते नाराज झाले. "शेवटच्यात बघूसारखा काय आसा? नुसतो पाय."

"ठेवा म्हणतंय ना."

त्यांनी सारवलेल्या जमिनीवर नववा फोटो ठेवला. त्याच्या शेजारी आठवा, मग सातवा. सासूबाईंनी पदराच्या फटीतून पाहिलं. मग पदर खाली घेतला. "ह्यो कोणाचो पाय?" "माझो." "आणि ह्यो?" "तोच. पंधरा दिस आधीचो." असं करत त्या हाडापर्यंत आल्या. मग काकांना म्हणाल्या, "धोतर वर कर बघया." काकांनी धोतर वर केलं. सासूबाईंनी वाकून पिंडरीला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "गाडी जुंपूक सांग."

मालवणच्या डॉक्टरांनी तळवा कापला. मी डोळे मिटले होते आणि काका कानाशी ओरडत होते, "बघ गो, बघ! सगळी घाण भायर येता!" डॉक्टरांनी त्यांना दोनदा बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत.

हात राहिला. मधलं बोट तेवढं वाकडं झालं, ते आजही सरळ होत नाही. जखम उघडी ठेवून रोज धुवायची होती. ते काम काकांनी घेतलं. पाणी उकळायचे, पट्टी भिजवून अलगद सोडायचे, आणि मग मान वाकवून बघत बसायचे. मला कळा येत आणि त्यांचा चेहरा सणासारखा. मला त्यांचा संताप यायचा. "काल हय दाणे नव्हते. आज बघ, लाल लाल दाणे इले. कोण पेरूक गेल्लो?" दहाव्या दिवशी ते यायच्या आधी मीच पट्टी सोडून पाहिलं. कडेने गुलाबी कातडीची बारीक रेघ सरकली होती. खोटं कशाला सांगू, मी ते बघत राहिले.

लावणी शेजारणींनी करून दिली. कापणीला मी स्वतः विळा धरला. आणि त्याच सुमारास काका यायचे बंद झाले.

महिना गेला. सासूबाईसुद्धा विचारायला लागल्या. एकदा ते रस्त्यात भेटले, घाईत होते. वालावलला कोणी माडावरून पडला होता.

"काकांनू, हल्ली येणा नाय ते?"

"हात बरो झालो ना? बऱ्या हातात काय बघूचा?"

मला एकदम राग आला. "हात बरो झालो म्हणान माणूस संपलो काय?"

ते उभे राहिले. कधी नव्हे ते हलले नाहीत. मग वालावलच्या वाटेने निघून गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी ते आले. ओटीवर बसले. मी चहा दिला.

"पाऊस बरो पडलो," ते म्हणाले.

"होय."

"म्हस दूध देता?"

"आमच्याकडे म्हस नाय, काकांनू."

"होय तर. नाय ती." पाय हलवत होते, कौलांकडे बघत होते. माझ्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. चहा संपताच उठले.

त्यानंतर सात वर्षं दर सोमवारी ते येत राहिले. मग एका साध्या तापाने तीन दिवसांत गेले. धडधाकट माणसाशी काय बोलायचं, ते त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. पंधरा मिनिटं बसणं त्यांच्या जिवावर यायचं, ते स्वच्छ दिसायचं. मीही कंटाळायचे. पण सोमवारी सकाळी मी शेतावर कधी गेले नाही, घरीच थांबायचे.