ब्रेक लागत नाय

माझ्या नवऱ्याकडे कुणी मोटरसायकल मागितली की त्यांच्या अगदी जिवावर येतं. पेडण्यातला आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, लहान, पण मागणारे भरपूर. कुणाला दळण आणायचं, कुणाला मोपाला विमानतळावर कामाला पोचायचं. तोंडावर नाही म्हणायची ह्यांची हिंमत नाही, म्हणून ह्यांनी युक्ती काढली. कुणी दारात आला की चेहरा पाडून सांगायचं, "ब्रेक लागत नाय रे." ब्रेक चांगला लागायचा. पुढेपुढे त्यात चेन सैल असल्याची भर पडली, मग हॉर्न वाजत नसल्याची. मी आत आमटी ढवळत हसू दाबायची.

गाडी पुसायला मात्र हे एक नंबर. जुन्या लुंगीने टाकी अशी चकचकीत करायचे की तिच्यात बघून भांग पाडावा. पण खाली वाकून चाकाकडे, ब्रेककडे बघणं काही कधी सुचलं नाही. मी एकदा म्हटलं, पायाचा ब्रेक फारच खाली जातो, गॅरेजात दाखवा. तर माझ्यावरच डाफरले, की ते मी लोकांना सांगतो, तूही विश्वास ठेवायला लागलीस? आता काय बोलायचं या माणसाशी!

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी समोरचा शेजारी गाडी मागायला आला. त्याला गणपती आणायचा होता. मूर्ती घडवतात ती चित्रशाळा वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, आमचीही तीच. ह्यांनी ब्रेकचं रडगाणं लावलं आणि तो बिचारा चालत निघाला. थोड्या वेळाने आम्ही दोघं त्याच गाडीवरून लांबच्या रस्त्याने गेलो, त्याच्या नजरेला पडायला नको म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येताना गणपती माझ्या मांडीवर, पाटासकट, तोंडावर रुमाल. दोन्ही हातांनी त्याला कवटाळलेलं, मला धरायला काहीच नाही. घरी गणपतीच्या डोक्यावर फळंफुलं टांगायची माटोळी बांधून तयार होती, सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात वाट बघत होत्या. मूर्तीला नखाएवढा तडा गेला असता तरी घरभर अपशकुनाची धास्ती पसरली असती. आणि नेमका उतार लागला तशी गाडी पळत सुटली.

"ब्रेक लागत नाय!" हे ओरडले.

गाडी सुसाट सुटली होती, पण तोंड माझं ते माझंच.

"माका कित्याक सांगतास? मी काय गाडी मागूक इलंय?"

पुढचा ब्रेक नुसता शोभेला. हॉर्न दाबला, तोही मुका. हे दोन्ही पाय रस्त्याला घासत राहिले, एक चप्पल गेली, आणि शेवटी गाडी वळणावरच्या गवतात शिरून थांबली. मी आधी रुमाल उचलला. सोंड, कान, हात, सगळं जागच्या जागी. मग मला रडू फुटलं. गाडीची चेन खाली लोंबत होती.

तेवढ्यात पायवाटेने शेजारी उतरला, डोक्यावर त्याचा गणपती. त्याने चेन बघितली, ह्यांचा अनवाणी पाय बघितला.

"माफ करा भाऊ," तो कळवळून म्हणाला. "माका वाटला, तुमी फटी मारतास, खोटां सांगतास."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी गणपती घेऊन शेजाऱ्याबरोबर चालत घरी आले आणि हे गाडी ढकलत मागून.

आता रोज सकाळी चावी फिरवण्याआधी हे गाडीपाशी उकिडवे बसतात. टायर दाबतात, चेन बोटाने हलवतात, दोन्ही ब्रेक बघतात, हॉर्न वाजवून अख्खा वाडा उठवतात. परवा शेजारी पुन्हा गाडी मागायला आला. ह्यांनी सवयीने तोंड उघडलं, गाडीकडे बघितलं आणि मिटलं. आपण बोलतो ते खरं ठरतं, ही भीती आता त्यांच्या मनात कायमची बसली आहे. गुपचूप चावी दिली.

शेजारी लगेच बसला नाही. खाली वाकून ब्रेक दाबून बघू लागला.

"तुमी कधी खोटां बोलणास नाय भाऊ," तो म्हणाला, "म्हणान आधी बघून घेतंय."