टापूवरचा बोकड

मामा माझ्या पाया पडतो तेव्हा कुठे बघायचे, हे मला अजून कळलेले नाही. आमच्याकडे ती रीतच आहे. भाची दारात आली की मामाने वाकायचे. भाचीने मामाच्या पाया पडायचे नाही. लहानपणी मी पाय मागे घ्यायची आणि सगळे हसायचे. आता घेत नाही. साठीला टेकलेला, धानाच्या बांध्यांत वाकून पाठ आखडलेला माणूस माझ्या सँडलसमोर आणखी वाकतो आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहते. भाचीचा शब्द मोडू नये, असेही तिथे मानतात. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे तो शब्द मी दोनदाच वापरला. दोन्ही वेळा एकाच बोकडासाठी.

मामाचे मूळ गाव वैनगंगेच्या काठी होते. धरणाचे पाणी चढले तसे ते उठले. आता सगळे वर माळावरच्या पुनर्वसनात राहतात, सरळ आखलेल्या गल्ल्यांमध्ये. जुन्या गावाची एकच गोष्ट पाण्याबाहेर राहिली, मागची टेकडी. पाणी तिच्या चारही बाजूंनी फिरले आणि तिचा टापू झाला. वर एक कडुनिंब, त्याच्याखाली मातामायचे शेंदूर लावलेले दगड, थोडा पळस, बोरीची झुडपे. वर्षातून एकदा, चैत लागला की लोक डोंग्यातून जाऊन पूजा करून येतात. एरवी तिकडे कुणी फिरकत नाही. वल्हवत पाऊण तास लागतो, वारा समोरचा असला तर जास्त.

तीन वर्षांपूर्वी मामीचे पोटाचे ऑपरेशन झाले. नागपूरला बरेच दिवस होती आणि ती परत येईल की नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हते. मामाने मातामायला बोकड कबूल केला. मामी परत आली. बोकड तिच्याच अंगणातला होता, आई मेलेला, तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेला. पूजेच्या सकाळी त्याला हळदकुंकू लावून खुंटीला बांधले होते आणि तो माझी ओढणी चघळत होता. मी ओढणी सोडवली नाही. मामा सुरीला धार लावत होता. भोवती दहा-बारा माणसे असताना मी म्हणाले, "मामा, नका ना कापू."

मामाने मामीकडे बघितले, मग सुरी फडक्यात गुंडाळली. दोन म्हातारे कुरकुरले. शेवटी त्यांच्यापैकीच एकाने वाट काढली, की कापायचा नसेल तर देवीच्या नावाने सोडून द्या, तेही पोचते. बोकडाच्या कानाला खूण केली, गळ्यात घंटी बांधली आणि त्याला टापूवर सोडून आम्ही परत आलो. भंडाऱ्याला आल्यावर मैत्रिणींना मी इंग्रजीत सांगितले की मी एक जीव वाचवला. मराठीत कुणाला सांगितले नाही.

शाळेत आम्हाला बेटांवर एक धडा होता. दूर समुद्रातली बेटे, तिथले जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, ज्यांना शत्रू माहीतच नसतो. मग कधीतरी जहाजे येतात, खलाशी परतीच्या वाटेवर खायला मिळावे म्हणून बकऱ्या सोडून जातात आणि काही वर्षांनी तिथे ना झुडूप उरते ना पक्षी. त्यावरच्या उत्तराला मला पैकीच्या पैकी मार्क होते. बाईंनी ते वर्गात वाचून दाखवले आणि मी बाकाखाली घुसायचे बाकी ठेवले होते. ते उत्तर आणि मामाचा बोकड यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात तीन वर्षे आले नाही.

या वर्षी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी धरणाच्या पाण्यावरचे पक्षी घेतले. डोंगेवाले काका म्हणाले की उन्हाळ्यात पाणी उतरले की टापूच्या कडेला मुरुमाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यावर काळ्या टोपीची पाखरे अंडी घालतात. एप्रिलच्या अखेरीस आम्ही गेलो. ते नदीसुरय होते. करडे अंग, पिवळी चोच, लाल पाय, दुभंगलेली शेपटी. घरटे म्हणजे नुसता मुरुमातला खळगा, आणि अंडी मुरुमाच्याच रंगाची. दुर्बिणीतून मला सात जोड्या बसलेल्या दिसल्या. नदीवर इतर ठिकाणी मी दोन महिने फिरले होते. वाळू उपसलेली, कुत्री, माणसे, ट्रॅक्टर. एवढी घरटी एकत्र कुठे दिसली नव्हती. इथे कुत्रे पोचत नव्हते, म्हणून होती.

मग घंटी वाजली.

काका हसले. "आला पाटील. सारं गाव उठलं, हा एकटाच राह्यला. मंग पाटील हाच."

बोकड टेकडीवरून पाणी प्यायला उतरत होता. चांगला थोराड झाला होता, दाढी आली होती. तो मुरुमावर आला तसे सातही पक्षी ओरडत उठले, त्याच्या पाठीवर झेपावू लागले. त्याला त्याचे काही नव्हते. सावकाश पाणी प्यायला, इकडेतिकडे हिंडला, पाण्याच्या कडेची हिरवी काडी शोधत राहिला. मी घड्याळ बघत होते. आमच्याकडच्या उन्हात मुरुमावर अनवाणी पाय टेकत नाही. पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मधूनच एक जण उडून पाण्यात पोट भिजवतो आणि येऊन ओल्या पिसांनी अंडी गार करतो. अर्धा तास अंडी उघडी राहिली. बोकड दिवसातून किती वेळा पाणी पितो, हे मला माहीत नव्हते. ते मोजायला मी दुसऱ्या दिवशीही गेले. चार वेळा.

काकांना म्हटले, त्याला डोंग्यात घेऊन जाऊ या. त्यांनी वल्हे आडवे ठेवले. देवीच्या जनावराला आपण हात लावणार नाही, घरच्यांना विचारा, म्हणाले.

विचारायचे म्हणजे बोलायचे. तिसऱ्या दिवशी दुपारभर मी मामाच्या ओसरीत फेऱ्या मारल्या. बाहेर ऊन पांढरे झाले होते. टापू तिथून दिसतो, पण मैलभर पाण्यावरून घंटी ऐकू येणे शक्य नव्हते. मला ऐकू येत होती. मामा जेवून खाटेवर पडला होता. मी दोनदा त्याच्याजवळ जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यानेच डोळे न उघडता विचारले, काय झाले. मी सांगितले ते बहुतेक पाठ केल्यासारखे आले असावे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला की मामीला विचार.

मामी अंगणात वाळलेली मोहफुले गोळा करत होती. मीही शेजारी बसून वेचू लागले. तिला पाखरांचे सगळे सांगितले, अंडी कशी भाजतात तेही. ती फुले टोपलीत टाकत राहिली.

"तो तिकडं चरून राहिला म्हणून मी इकडं चरून राहिली," ती म्हणाली आणि हसली. मग हसणे थांबले. "देवीले देल्लं ते घरी आणून बांधता येत नाई, बाई. टापूवरून उतरन तं एकाच कामासाठी उतरन."

मी तिच्या हाताकडे बघत होते. ती घाबरली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. तीन वर्षे ती रोज सकाळी दारात उभी राहून टापूकडे बघत असे आणि मला वाटे की जुन्या गावाची आठवण येते. ती बोकड दिसतो का ते बघत होती.

"मले कायले विचारते?" ती म्हणाली. "तुया शब्दावर चढला. तुया शब्दावर उतरन."

त्या दिवशी मी काही ठरवले नाही. दुसऱ्या सकाळी पुन्हा डोंग्यातून गेले. एका खळग्यात अंड्याच्या जागी पिवळा डाग आणि कवचाचे तुकडे होते, बाजूला खूर उमटलेला. त्याच खळग्यातले एक पिल्लू मात्र बाहेर आले होते, वाळूच्या रंगाचे, अंगठ्याएवढे. बोकड पाणी पिऊन तिथेच बसला होता, रवंथ करत. आईबाप वर घिरट्या घालत होते, खाली येत नव्हते. ऊन चढले तसे ते पिल्लू उठले, चार पावले तुरुतुरु धावले आणि बोकडाच्या सावलीत जाऊन बसले. थोड्या वेळाने बोकड उठून एक पाऊल सरकला. सावली सरकली. पिल्लूही सरकले, त्याच्या पायांमध्ये. काका म्हणाले, पाटलाला पोर झाले. मला हसू आले नाही. मी दुर्बीण खाली ठेवली आणि परत फिरवायला सांगितले.

मामा गोठ्यात होता. मी म्हणाले, "मामा, त्याला उतरवा."

त्याने हातातला चारा टाकला. "कायच्यासाठी? नीट सांग. मागच्या बारीले अर्धंच सांगतलं होतं तू."

तो रागावलेला नव्हता. त्याला माझा शब्द पूर्ण हवा होता, कारण पुढचे सगळे त्याला करायचे होते. मी म्हणाले, "पूजेसाठी." तो तसाच उभा राहिला.

"कापायला," मी म्हणाले.

दोन गोष्टी मी मागून घेतल्या. जायचे ते उजाडता उजाडता, ऊन व्हायच्या आत. आणि जे करायचे ते टापूवर नाही, अलीकडच्या काठावर. कुरकूर झाली, देवीच्या समोर व्हायला हवे म्हणून. मामा म्हणाला की काठावरून टेकडी दिसते, म्हणजे टेकडीवरून काठही दिसत असेल.

आणायला मामीच गेली, कारण तो फक्त तिच्याकडे आला असता. डोंग्यात काका, ती आणि मी. मी उतरले नाही. ती पदरात मोहफुले घेऊन, मी दाखवलेल्या कडेकडेने वर चढली. पक्षी तिच्या डोक्यावर तुटून पडले. तिने पदर डोक्यावर ओढला आणि जीभ टाळ्याला लावून तो जुना आवाज काढला, अंगणात काढायची तसा. घंटी लगेच वाजू लागली. तीन वर्षांनीही तो धावत आला. तिच्या मागोमाग डोंग्यात चढला आणि तिच्या मांडीवर मान ठेवून मोहफुले खात राहिला.

"लय आगाऊ हायेत तुये पाखरं," मामी मला म्हणाली. "माह्या डोक्यावर हागले." ती खांद्यावरचा डाग पाण्याने धूत होती. माझ्याकडे बघत नव्हती. आम्ही थोडेच दूर गेलो असू, मागे वळून बघितले तर ओरडा थांबला होता. पक्षी एकेक करून खाली बसत होते.

काठावर मी निघून गेले नाही. मामाने त्याला पाणी पाजले, कपाळाला कुंकू लावले, अक्षता टाकल्या. मग आखडलेली पाठ वाकवून त्याच्या पुढच्या खुरांना हात लावून तो हात कपाळाला लावला. माझ्यासमोर वाकतो तसाच. इथे कॅलेंडर नव्हते. मी बघितले.

जेवायला मामीने मला वेगळी आलूची भाजी केली होती. मी ती खाल्ली. बाकीच्यांच्या ताटांकडेही बघितले. मी तेव्हा नको म्हणाले नसते तर या जेवणाला तीन वर्षे झाली असती आणि अंगणातला तो बोकड माझ्या फारसा लक्षातही राहिला नसता.

मी भंडाऱ्याला परत आले ते अस्वस्थ होऊन. दर दोन-तीन दिवसांनी कारध्याच्या पुलावरून बस पकडून टापूवर जात होते, आणि रोज संध्याकाळी मामीला फोन करत होते. आधी कधी करत नव्हते. जेवलीस का, ताप नाही ना, पोट दुखत नाही ना. चार दिवसांनी तिला खोकला झाला तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. खोकला माळावरच्या धुळीचा होता, सगळ्या गल्लीला झाला होता. तरी मी डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागले. ती गेली.

बाराव्या दिवशी मी विचारायच्या आतच ती म्हणाली, "मी बरी हाय. मले काय पुसते रोज? तुये पाखरं सांग. निघाले का?"

मी त्याच दुपारी जाऊन आले होते. सावलीतले ते पिल्लू पुन्हा दिसले नव्हते. तीन खळग्यांतली अंडी भाजून गेलेली होती. त्यांतल्या एकावर पक्षी तरीही बसून होता. एका खळग्यातून दोन पिल्ले निघाली होती, आणि दोन जोड्यांच्या अंड्यांची मुदत अजून संपायची होती.

"दोन निघाली," मी म्हणाले.

पलीकडे मामीच्या अंगणातला पंखा ऐकू येत होता.

"दोनच?" ती म्हणाली.

"आत्तापर्यंत दोन. आणखी दोन घरटी आहेत."

"मंग इथं येऊन राह्य," ती म्हणाली. "भंडाऱ्यातून काय दिसते तुले? रोज जाऊन पाह्य. सारे उडेतवर पाह्य."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेले. मामा दारात आला आणि वाकला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मामीने खुर्ची बाहेर काढून ठेवली होती, टापूकडे तोंड करून.