वीस सेंटचं नाणं आणि डेलमरच्या किल्ल्या

लिही गं रोझॅन, पण मधेमधे प्रश्न विचारू नकोस, माझं डोकं भलतीकडे जातं. शेवट चांगला झाला हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तू हळवी, पेन्सिल टाकून रडत बसशील.

माझा थोरला भाऊ डेलमर आमच्या कोल्टर्स फोर्डच्या शाळेत कामाला होता. झाडलोट करायची, हिवाळ्यात भट्टी पेटवायची, पोरांनी फोडलेल्या काचा बसवायच्या. सगळ्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला. त्या जुडग्याचं त्याला फार अप्रूप होतं. का, तर सोळा वर्षांचा असताना त्यानं एका गॅरेजातून दोन बॅटऱ्या उचलल्या होत्या आणि साठ दिवस तुरुंगात काढले होते. त्यानंतर कितीतरी वर्षं गावात कोणी त्याला कुलपाजवळ उभं करत नव्हतं. शाळेनं किल्ल्या दिल्या त्या दिवशी सरळ माझ्याकडे आला, जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणला, "ओडी, बघ तरी."

नाद एकच, जुन्या नाण्यांचा. तोही सगळ्या नाण्यांचा नाही हं. सरकारनं हौसेनं काढली, लोकांनी नाकं मुरडली, मग बंद पडली, अशीच नाणी त्याला हवी. दोन सेंटचं तांब्याचं. तीन सेंटचं चांदीचं, ते तर माशाच्या खवल्याएवढं, शिंकलं तर उडून जाईल. सिगारच्या डब्यात कापूस घालून ठेवायचा. मी म्हणायची, "अरे, लोकांनी टाकलेली नाणी कसली गोळा करतोस?" तर म्हणायचा, "चांदी खरी आहे ना गं? मग झालं तर."

वीस सेंटचं मात्र त्याच्याकडे नव्हतं. तीन-चार वर्षंच निघालं ते, आणि त्याच्या ऐपतीबाहेरचं.

गावातली नाणीवाली मंडळी महिन्यातून एका रविवारी, दुपारी, बंबखान्याच्या माडीवर जमायची. दहा-बारा पुरुष. कॉफी माझी, घरी तळलेले डोनटही माझेच. कॉफी आणि दोन डोनटचे पंचवीस सेंट, म्हणजे एक पावली, ज्यानं त्यानं डब्यात टाकायची. बघायला कोणी नाही. सत्तावन्न साली, मार्चात, तिथले मुख्य पिंक्स्टनसाहेब वीस सेंटचं नाणं घेऊन आले. औषधाचं दुकान होतं त्यांचं. गावातले निम्मे लोक त्यांना डॉक्टरच म्हणायचे, आणि तेही नाही म्हणायचे नाहीत.

या लोकांची रीत अशी, की नाणं हातोहात फिरवायचं. खाली कापड, बोटं फक्त काठाला, आणि फेरी पुरी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. देवळात बसल्यासारखे बसतात गं. डेलमरपाशी नाणं आलं आणि थांबलंच. भिंग लावून वर कोरलेली ती बसलेली बाई बघतोय, बघतोय. शेजारचा ल्यूथर खाटीक म्हणला, "लग्न करतोस का तिच्याशी?" सगळे हसले. डेलमरचे कान लाल. त्यानं नाणं पुढे दिलं, मी डोळ्यांनी बघितलं.

मग कॉफी झाली. परत बसले तर पिंक्स्टनसाहेबांच्या नाण्यांच्या तबकात त्या नाण्याची जागा रिकामी.

टेबलाखाली बघितलं, कापड झटकलं. साहेबांनी स्वतःचे खिसे वरवर चाचपले. आणि मग ल्यूथर म्हणला, "डेलमर, तू जरा खिसे उलटे कर पाहू." पहिलं त्यालाच. आणि त्याच्यानंतर दुसऱ्या कोणालाच नाही! बिचाऱ्यानं सगळं टेबलावर ओतलं. रुमाल, चाकू, किल्ल्या. नाणं नव्हतं. पण नाही सापडलं म्हणून कोणी त्याला "बरं झालं" म्हणलं का?

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. "मी काही म्हणत नाही डेलमर, पण गाव बोलतंय. नाणं सापडेपर्यंत किल्ल्या माझ्याकडे राहू देत, तूही घरीच थांब."

मंगळवारी मी त्याच्याकडे गेले तर पायरीवर बसलेला. म्हणलं, "जेवलास?" तर म्हणला, "ओडी, आता कोण देणार मला काम? मी तिकडे तुझ्या दिराकडे कोळशाच्या खाणीत जातो." छप्पन्न वर्षांचा माणूस, छाती भाता झालेली, आणि खाणीत जातोय! मी म्हणलं, "गप, सूप पी."

बुधवारी मी किराणा आणायला गेले, कॉफीच्या पैशांचा डबा घेऊन. पुढच्या महिन्याची कॉफी, साखर त्यातूनच आणायची असते. गल्ल्यावर लव्हर्न, तोंडाची फटकळ पोरगी. एकेक पावली ओढतेय, ओढतेय, आणि थांबली. "हे काय मावशी? जत्रेतल्या पाळण्याचा बिल्ला चालवताय का माझ्याकडे?"

मी बघितलं. वाचता मला येत नाही, पण पावलीचा काठ दातेरी असतो हे आंधळ्यालाही कळतं. हा काठ गुळगुळीत. आणि वर ती बसलेली बाई, हातात काठी घेतलेली. माझा हात पुढे गेला होता गं, आणि तसाच मागे घेतला.

कारण विचार कर. मी उचलून नेलं असतं तर लोक काय म्हणले असते? भावानं दिलं आणि बहीण आता घाबरून परत करतेय.

"लव्हर्न," म्हणलं, "ते तुझ्या हातातच ठेव. कोणाला देऊ नकोस. मलाही नको. आणि पिंक्स्टनसाहेबांना फोन लाव, म्हणावं आत्ताच्या आत्ता या."

"मावशी, तुम्ही एवढ्या पांढऱ्या का पडलात?"

"फोन लाव!"

दुकानात पाच-सहा बायका होत्या. मी एकीलाही जाऊ दिलं नाही. दारात उभी राहिले, बटाट्याच्या पोत्याला टेकून. साहेब आले, अंगात दुकानातला पांढरा डगला तसाच. नाणं बघितलं आणि तोंड उघडंच.

"कुठे मिळालं?"

"माझ्या कॉफीच्या डब्यात, साहेब. मी हात लावलेला नाही, या सगळ्यांना विचारा. आता तुम्ही सांगा, तिथे कसं गेलं?"

चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणले, "ओडेलाबाई... मला कॉफीच्या वेळी ते तबकात उघडं ठेवायचं नव्हतं. जाकिटाच्या खिशात टाकलं. आणि नंतर तबकातच ठेवल्याची पक्की समजूत. घरी गेलो तर कॉफीसाठी काढलेली पावली खिशातच. मला वाटलं, पैसे टाकायचे राहिले."

"म्हणजे माझ्या डोनटांचे तुम्ही..."

"मीच टाकलं, पावली समजून."

लव्हर्न म्हणली, "मग मावशीचे पाच सेंट कमीच दिलेत की!" बायका अशा हसल्या, आणि मी रडायलाच लागले.

साहेबांना मात्र मानलं पाहिजे. तसेच डगल्यात शाळेत गेले, हेडमास्तरांकडून किल्ल्या घेतल्या आणि डेलमरच्या पायरीशी येऊन उभे. मी मागेच होते. म्हणले, "डेलमर, चूक माझी. हे नाणं तू ठेव."

डेलमरनं आधी किल्ल्या घेतल्या. एकेक करून मोजल्या. मग म्हणला, "नाणं नको साहेब. पुढच्या महिन्यात रविवारी सगळ्यांसमोर सांगा, ल्यूथर असताना. आणि मग एकदा फिरवा, मला नीट बघू द्या. त्या दिवशी ल्यूथरनं बघू दिलं नाही."

त्यांनी हो म्हणलं, आणि सांगितलंही तसंच, उभं राहून. पण ते पुढचं. त्या बुधवारी साहेब गेल्यावर मी डेलमरला माझ्या घरी आणलं. दोन वाट्या सूप प्यायला, पाव खाल्ला, आणि मी वाट्या विसळेपर्यंत खुर्चीतच झोपला, बुटांसकट, भर दुपारी. घोरतोय असा की खिडकी हलावी. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता त्याच्या. मी चुलीवरची किटली हळूच उतरवली, शिटी वाजू नये म्हणून, आणि त्याच्यासमोर बसून राहिले.