रविवारचं वजन

मंदा गेली तेव्हा मी हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर वडापाव खात होतो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या मुलीचा, प्राचीचा फोन आला. "बाबा, वर या," एवढंच ती म्हणाली आणि मी हातातला उरलेला घास तोंडात कोंबून, तोंड पुसत जिना चढलो. नंतर विचारणाऱ्यांना सांगितलं, बायकोची औषधं आणायला खाली उतरलो होतो. दुसरंही एक सांगितलं... की सगळं अचानक झालं. "दोन महिन्यांत होत्याचं नव्हतं झालं हो," हे वाक्य मी दारात येणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकवलं, की तेराव्यापर्यंत मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. आज सहा आठवडे झाले. ते खरं नाही. अचानक काहीच झालं नव्हतं. जे होत होतं ते मी दर रविवारी माझ्या हातानं लिहून ठेवत होतो.

आम्ही उरणकडचे. वडील मिठागरात राबले, मी वीस वर्षं ट्रेलर चालवला. आता दोन ट्रेलर स्वतःचे आहेत, ते कंटेनर यार्डातल्या ऑफिसात खुर्चीत बसून फोनवर चालवतो. बसून बसून वजन अठ्ठ्याण्णववर गेलं. त्यात जेवणाच्या बाबतीत मी लहानपणापासूनचा नाठाळ. भाजी म्हणजे बटाटा. दुधी, पडवळ, दोडका ताटात दिसला की ताट सरकवायचो. मासळी तळलेलीच लागायची, आणि रस्सा भाताला नुसता शिवला तरी तो भात मी खात नसे. माझी आई, आये म्हणतो आम्ही, मंदा लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिला म्हणाली होती, "याला जेवू घालणारी अजून जल्माला यायची हाय गो." मंदा पालीकडच्या भातशेतीवाल्या घरातली. ती नुसती हसली. पंचवीस वर्षं तिनं माझ्यासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं असं रांधलं, आणि माझ्या ताटात जे उरायचं ते शेवटी बसून स्वतः खाल्लं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं. गुडघ्यांचंही बोलले. दहा किलो उतरवा म्हणाले. घरी आल्या आल्या मंदानं जाहीर केलं, "आता एका घरात दोन सैपाक न्हाय. तुमी खाल तेच सगळी खाऊ." मी म्हटलं, "मी घास-फूस खाणार नाही." "कोण सांगतंय खावा म्हणून?" ती म्हणाली. मग तिनं काय केलं ते मला दोन महिन्यांनी कळलं. तांदळाच्या भाकरीच्या पिठात ती दुधी किसून घालत होती. शेवग्याचा पाला मुगाच्या डाळीत घोटून टाकत होती. वाटणातलं खोबरं कधी अर्ध्यावर आलं आणि त्याच्या जागी भाजलेला कांदा कधी आला, माझ्या जिभेला पत्ताच लागला नाही. बांगडा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर ठेवायची. माझं परातीएवढं ताट माळ्यावर गेलं आणि नाश्त्याची डिश पुढ्यात आली. सगळ्यात मोठी करामत पोपटीची. थंडीत आमच्याकडे शेतात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला कोंबून, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून मडकं उलटं घालतात आणि भोवती पेंढा पेटवतात. त्यावर माझा जीव. एके दिवशी ती म्हणाली, "अवो, पोपटीत तेल कुठं असतंय?" आणि तिनं जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी पाला अंथरून, मंद गॅसवर, घरातल्या घरात पोपटी लावली. त्या पाल्याच्या वासाखाली तिनं मला गाजर, फरसबी आणि चक्क पडवळ चारलं. आये टाळ्या पिटत ओरडली, "खाल्लान रं, खाल्लान!"

वजनकाटा मी आणला. स्वयंपाकघराच्या दारामागे ठेवला. पण एकट्यानं त्याच्यावर चढायची लाज वाटायची, म्हणून म्हटलं, तू पण चढ. दर रविवारी सकाळी आधी मी, मग ती. तिथेच भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्या रविवारच्या चौकटीत मी वर माझा आकडा लिहायचो, खाली तिचा. पहिल्या रविवारी ती चौसष्ट होती. ती स्वतः आकडा बघायची नाही. दुधावर नजर ठेवून चढायची, मी मोठ्यानं सांगायचो आणि ती उतरून पुन्हा गॅसकडे जायची.

आता माझं सांगतो. यार्डासमोर चार वाजता मी रोज दोन वडापाव खात होतो. सुरुवातीचे दोन-तीन किलो गेले आणि काटा हलेना. मग मी अर्धा किलो कमी लिहायला लागलो. कधी एक किलो. तिला वडापावचं माहीत होतं. एकदा शर्ट धुवायला घेताना म्हणाली, "पाव लपवलात, वास कुठं लपवाल?" बस, तेवढंच.

आणि तिचा आकडा मात्र होळीपासून उतरायला लागला. बासष्ट. साठ. अठ्ठावन्न. मला आनंद झाला, कारण मला पुरावा हवा होता. मे महिन्यात भाचीची हळद होती. मंदाचं ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घेतलेलं. बायका तिच्याभोवती जमल्या. "काय खातंस गो मंदा? आमाला पन सांग!" ती बोलायच्या आधी मीच मध्ये घुसलो, "आमच्या घरचं डायट आहे ते. मला विचारा!" त्या रात्रीच्या मटणाला तिनं हात लावला नाही, आणि मांडवात खुर्चीवर बसून बायकांना दुधीच्या भाकरीची कृती सांगत राहिली. घरी येताना गाडीत म्हणाली, "मला हल्ली भूकच लागत न्हाय." मी म्हटलं, "नशीबवान आहेस. तुझी मेली, माझी कधी मरायची?" मी हसलो. तीही हसली...

गणपती गेल्यावर एकदा म्हणाली, "पनवेलला कुणाला दाखवून येऊ या का? जेवलं की इथं अडकल्यावानी होतंय." मी फोनवर होतो, गेटवर एक ट्रेलर अडकला होता. फोनवर हात ठेवून मी म्हणालो, "अगं, लोक बारीक व्हायला जीव टाकतात. बारीक होणं काय आजार आहे?" ती एकच गोष्ट दोनदा मागणारी बाई नव्हती. हे मला पंचवीस वर्षं माहीत होतं, आणि ते वाक्य बोलतानाही माहीत होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती काट्यावर चढेना. "नको आज." मी म्हटलं, "हरशील म्हणून घाबरतेस?" "हरले मी. लिवा तुमचंच." मी तिचा हात धरून ओढला. बांगड्या मनगटावरून घसरत कोपरापर्यंत गेल्या. एक्कावन्न. बांगड्या मी पाहिल्या होत्या. आता कुणी विचारलं तर, लक्षात आलं नाही, असं मी म्हणणार नाही.

जानेवारीत अंगणात खरी पोपटी लावली. पंधरा-वीस माणसं. मडकं तिनंच भरलं, तिनंच फोडलं, सगळ्यांना वाढलं. स्वतः वालाची एक शेंग सोलून ती हातात धरून बसली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिचा निग्रह बघा! मला जमत नाही हे." सगळ्यांनी माना डोलावल्या. आयेनंही.

फेब्रुवारीत अन्न पोटात ठरेनासं झालं, तेव्हा तिला दवाखान्यात मी नाही, प्राचीनं नेलं. मी मागाहून पोचलो. पोटात गाठ होती, पसरली होती. डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?" मी म्हणालो, "महिना-दीड महिना झाला असेल." मंदा खाटेवर पडून माझ्याकडे बघत होती. अकरा महिने झाले होते. डॉक्टरांनी मी सांगितलं ते लिहून घेतलं. त्या कागदावर आजही तेच आहे. प्राचीलाही तेच खरं वाटतं. हा लेख ती वाचेल तेव्हा तिला कळेल. समोर बसून सांगायची माझी छाती झाली नाही.

ती जायच्या आधीच्या रविवारची गोष्ट. तिला सकाळी जरा बरं वाटत होतं. नर्सनं तिचं वजन करून आकडा लिहून नेला होता. ती म्हणाली, "किती झालं वो माझं?" मी म्हटलं, "आता कशाला ते..." "सांगा की. रविवार हाय." छत्तीस होतं. मी म्हणालो, "पंचेचाळीस." तिनं डोळे मिटले. ओठांच्या कडेला थोडं हसू आलं. "खोटं," ती म्हणाली. "तुमचं लिवता तसं."

म्हणजे वडापावच नव्हे, आकडेही तिला माहीत होते. वर्षभर, सगळे.

आता रात्रीचं जेवण प्राची करते. वरण, भात, एखादी उकडलेली भाजी. पडवळसुद्धा मी मुकाट खातो, कारण चवच कळत नाही. परवा आयेनं जेवता जेवता माझ्याकडे निरखून पाहिलं. "अरं, किती उतरलास! गालफाडं बसली. उद्याच्या उद्या डाक्तरकडं जा." यार्डातल्या दोघांनी तेच सांगितलं. बहिणीचा फोन आला, तपासून घे म्हणाली. प्राचीनं तर पनवेलची वेळही घेऊन ठेवली. सहा आठवडे! सहा आठवड्यांत सगळ्यांना दिसलं.  आयेचा चष्मा तोच आहे, गेल्या वर्षीचाच. आणि मी कुठल्या तोंडानं बोलणार?

काल रविवार होता. काट्यावर चढलो. पंच्याऐंशी. डॉक्टरांनी सांगितलेल्या दहापेक्षा तीन किलो जास्तच गेले. कॅलेंडरवर वर्षभरानं पहिल्यांदा खरा आकडा लिहिला. आमच्याकडे नवं कॅलेंडर जुन्याच्याच खिळ्यावर, त्याच्यावरच टांगतात, जुनं कुणी काढत नाही. नवं वर उचललं आणि खालची पानं चाळली. माझे आकडे वर, तिचे खाली. चौसष्ट, साठ, पंचावन्न... डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी चौकटीत वर माझं एक्क्याण्णव लिहिलंय, ते खोटं. खाली तिचे सत्तेचाळीस, ते खरे. आणि सत्तेचाळीसच्या पुढे, माझ्याच अक्षरात, लाल पेनानं लिहिलंय... शाब्बास.